यंत्राच्या कागदाचं मोर्तब

माझी भाची पुण्यात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करते. गेल्या वर्षी दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधाचं काम घेऊन ती चार दिवस संगमनेरला आमच्याकडे आली होती. जेवणं झाली की लॅपटॉप उघडून बसायची. तिसऱ्या रात्री म्हणाली, "मामू, तुम्ही जुने कागद वाचता ना? मग हा वाचून दाखवा."

पडद्यावर नुसते आकडे आणि तुटक इंग्रजी शब्द. खाली जावं तितकं खाली, संपतच नाही. मी उर्दू आणि मराठीचा मास्तर. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर तुटला तो तुटलाच. पण तो कागद, म्हणजे ती फाईल, मला अगदीच परकी वाटली नाही. कुणीतरी ठरावीक रिवाजाने ओळीमागून ओळ लिहिलेलं दफ्तर होतं ते. लिहिणारं तेवढं यंत्र होतं.

हे शास्त्र थोडक्यात असं. काचेच्या नळ्या नाहीत, वास नाही, धूर नाही. रेणूत कोणते अणू कुठे बसलेत ते संगणकाला सांगायचं. संगणक इलेक्ट्रॉनांची समीकरणं सोडवतो आणि उत्तर एका मजकुराच्या फाईलमध्ये लिहून ठेवतो. रेणूची ऊर्जा किती, आकार कसा, कंपनं कोणती, विद्युतभार कुठे जास्त, सगळं त्यात असतं. पाण्याच्या एका रेणूचं अगदी साधं गणित केलं तरी फाईल शेकडो ओळींची होते, आणि त्यात कामाचा आकडा बऱ्याचदा एकच असतो: साधारण उणे ७४.९६ हार्ट्री. हार्ट्री हे ऊर्जेचं एकक. एक हार्ट्री म्हणजे दर मोलला सुमारे ६२७.५ किलोकॅलरी.

एका आकड्यासाठी एवढं चऱ्हाट का, याचं उत्तर इतिहासात आहे. फोरट्रान ही संगणकाची भाषा १९५७ साली आली. तेव्हा माणूस यंत्राशी ८० रकान्यांच्या भोकं पाडलेल्या कार्डांवरून बोलायचा आणि यंत्र रुंद कागदावर, एका ओळीत १३२ अक्षरं छापून, जवाब द्यायचं. १९७० मध्ये जॉन पोपल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पिट्सबर्गला 'गाउसियन ७०' हा प्रोग्रॅम तयार केला. त्याच कामाच्या परंपरेसाठी पोपल यांना १९९८ साली वॉल्टर कोन यांच्याबरोबर नोबेल मिळालं. त्या काळी उत्तराचा गठ्ठा टेबलावर यायचा आणि शास्त्रज्ञ पेन्सिल घेऊन तो वाचायचा. म्हणून तर त्यात मथळे आहेत, रेघा आहेत, मधे मधे वाक्यं आहेत. ते सगळं माणसाच्या डोळ्यासाठी लिहिलेलं आहे. गाउसियन तर काम नीट संपलं की शेवटी एखादं सुभाषितही छापतो. मला ही गोष्ट फार आवडली. जुने कातिबही नक्कल संपली की पानाच्या शेवटी स्वतःच्या मनातलं दोन ओळी लिहीत.

पुढे यंत्रं वेगवान झाली. दिवसाला एक फाईल व्हायची तिथे शंभर होऊ लागल्या. पेन्सिल पुरेना. मग यंत्राचं लिहिलेलं वाचायला दुसरा प्रोग्रॅम लिहिणं आलं. याला पार्सिंग म्हणतात. काम ऐकायला सोपं आहे. फाईल वरून खाली चाळायची, अमुक शब्द असलेली ओळ सापडली की तिच्यातला आकडा उचलायचा. पण ज्यानं कधी मोडी वाचली असेल त्याला यातली मेख लगेच कळेल. लिहिणाऱ्याच्या सवयी ठाऊक नसतील तर अक्षर ओळखूनही अर्थ हुकतो.

भाचीने सवयी दाखवल्या. फोरट्रान दहाचा घात लिहिताना 'ई' ऐवजी 'डी' लिहितं. आजची पायथन भाषा ते पाहून म्हणते, ही संख्याच नाही. आकडा ठरलेल्या जागेत मावला नाही तर फोरट्रान आकडा लिहीतच नाही, तेवढी जागा फुल्यांनी भरून टाकतं. कधी दोन आकड्यांच्या मधली मोकळी जागा संपते आणि दुसऱ्याचं उणे चिन्ह पहिल्याला जाऊन चिकटतं. माणसाला ते दोन आकडे दिसतात, प्रोग्रॅमला एक विचित्र शब्द. काल्पनिक कंपनं उणे चिन्ह लावून छापलेली असतात आणि तसा इशारा वेगळ्या ओळीत असतो. तो चुकवला तर उणे कंपन म्हणजे काय, असा प्रश्न पडतो. शिवाय प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की मथळ्यातला एखादा शब्द बदलतो आणि कालपर्यंत चालणारं वाचन आज गप्प बसतं.

प्रत्येक प्रयोगशाळेत कुणीतरी विद्यार्थी असा वाचक-प्रोग्रॅम लिहायचा आणि तो गेला की त्याचं लिखाणही जायचं. २००८ साली नोएल ओ'बॉयल, अ‍ॅडम टेंडरहोल्ट आणि कारोल लांगनर यांनी 'सीसीलिब' नावाचा सर्वांना मोफत असलेला वाचक जाहीर केला. वेगवेगळ्या प्रोग्रॅमांच्या फाईली वाचून तो एकाच साच्यात माहिती देतो. आजही लोक त्यात भर घालतात.

हे सगळं साता समुद्रापार घडलं असं मात्र नाही. आपल्या पुण्यात, गणेशखिंडीत, याचा एक चांगला अध्याय आहे. अमेरिकेकडून क्रे महासंगणक हवा तसा मिळेना, म्हणून १९८८ साली सी-डॅक सुरू झालं आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्याच आवारात, पुणे विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात, श्रीधर गद्रे आणि त्यांचे विद्यार्थी रेणूंचं गणित करत होते. १९९३ चा भटनागर पुरस्कार गद्रे यांना मिळाला. बाहेरचे प्रोग्रॅम वापरून ते थांबले नाहीत. 'इंडमोल' हा स्वतःचा प्रोग्रॅम त्यांच्या गटाने लिहिला, अनेक प्रोसेसरांवर एकदम चालणारा.

मोठा रेणू छोट्या यंत्रावर कसा बसवायचा, यावर त्यांनी १९९४ साली मांडलेल्या युक्तीचं नाव मला शाळेत सांगायला फार आवडतं: मॉलिक्युलर टेलरिंग. शिंपीकाम! रेणूचे एकमेकांवर थोडे चढणारे तुकडे बेतायचे, प्रत्येकाचं गणित वेगळं करायचं आणि मग शिवायचं. ही पद्धत पुढे ऊर्जेसाठी वापरली गेली तेव्हा हिशोब असा झाला: तुकड्यांच्या ऊर्जांची बेरीज करायची, जिथे दोन तुकडे एकमेकांवर चढतात तो भाग दोनदा मोजला गेला म्हणून वजा करायचा, तिघांचा सामाईक भाग परत मिळवायचा. आमच्या शाळेच्या पुस्तकातले संचच की हे.

आता विचार करा, अशा एका रेणूमागे किती फाईली होतात आणि प्रत्येकीतला आकडा उचलून मिळवावा वा वजा करावा लागतो. एक जरी चुकीचा उचलला तरी अंगरखा उसवला. म्हणजे या पद्धतीत वाचन हे नंतरचं किरकोळ काम उरत नाही, शिवणच त्यावर उभी आहे. याच गटातून रेणूची चित्रं दाखवणारा 'युनिव्हिस' आला, पुढे २००८ मध्ये ब्राउझरमधून गणित करून घेता येईल असा 'वेबप्रॉप', आणि व्ही. गणेश यांचा 'मेटा स्टुडिओ' २००९ च्या शोधनिबंधात. यातल्या 'मेटा'चा फेसबुकवाल्यांशी संबंध नाही, तो मॉलिक्युलर टेलरिंगचा संक्षेप आहे.

हे मुद्दाम लांबवून सांगतोय, कारण भाचीला तिच्या एका शिक्षकांनी म्हटलं होतं, "हे आकडे काढणं म्हणजे कारकुनी आहे, खरं रसायनशास्त्र शिक." पोरीच्या मनाला ते लागलं होतं. मला राग आला तो 'कारकुनी' या शब्दाच्या वापराचा. ज्या कारकुनांनी दफ्तरं लिहिली आणि ज्या संशोधकांनी ती वाचली त्यांच्याच जिवावर आपण इतिहास शिकवतो.

आमच्या घरी मशिदीच्या दिवाबत्तीसंबंधी एका मोडी कागदाची नक्कल आहे. साल अरबी शब्दांत आहे, शेवटी 'मया व अलफ', म्हणजे अकराशे. अब्बांच्या वेळी कुणा जाणकाराने ते साल हिजरी धरून इसवी सन काढला आणि आम्ही पंचवीस वर्षं तोच सांगत आलो. पण मराठी दफ्तरांतलं असं साल बहुतेक वेळा शुहूर असतं. हा सन हिजरी ७४५ मध्ये, इसवी १३४४ ला, सौरवर्षावर बेतला गेला. महिने-आकडे अरबी, चाल मात्र शेतीच्या हंगामाची, मृगाला सुरुवात. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. पानिपत झालं तेव्हा शुहूर सन 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे ११६१ होता आणि हिजरी सन ११७४. शब्द तेच, भाषा तीच, अंतर तेरा वर्षांचं! अरबी येत असणारा माणूसच इथे आधी फसतो, कारण त्याला वाटतं आपल्याला वाचता आलं.

मी हे सांगितल्यावर भाची हसली. म्हणाली, "आमच्यातही अगदी असंच." गेमेस नावाच्या प्रोग्रॅमच्या एकाच फाईलमध्ये अणूंच्या जागा सुरुवातीला बोर या एककात छापलेल्या असतात आणि आकार सुधारत जाताना पुढे अँगस्ट्रॉममध्ये. एक बोर म्हणजे ०.५२९ अँगस्ट्रॉम. मथळा न वाचता तक्ता उचलला की रेणू जवळजवळ दुप्पट फुगतो. "पण ती चूक निदान दिसते तरी," ती म्हणाली. "न दिसणारी वाईट."

तिचा प्रबंध रेणूंच्या जोड्यांवर होता. दोन रेणू एकमेकांना किती धरून ठेवतात ते काढायचं. जोडीची ऊर्जा घ्यायची आणि त्यातून दोघांची सुटी ऊर्जा वजा करायची. पाण्याच्या दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध सुमारे ५ किलोकॅलरीचा, म्हणजे ०.००८ हार्ट्री. एकेका रेणूचा आकडा पाऊणशे हार्ट्रीच्या घरात आणि खरी गोष्ट दशांशानंतरच्या तिसऱ्या घरात. तिच्या सगळ्या जोड्यांमध्ये एक जोडी अपेक्षेपेक्षा फार घट्ट निघाली होती. गाईड खूश होते, प्रबंधाचं शीर्षकसुद्धा त्या जोडीवरून बदलायचं चाललं होतं. दहा दिवसांनी प्रबंध द्यायचा होता.

मी सहज, केवळ कुतूहलाने विचारलं, "बेटा, याचं मोर्तब कुठे असतं?" शिवकालीन पत्रांत वर शिक्का असतो आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब, 'मर्यादेयं विराजते'. पत्र इथे पुरं झालं, याच्याखाली कुणी काही घुसडू नये, म्हणून. मोर्तब नसलेला कागद हाती आला की आपण आधी विचारतो, पुढचं पान फाटलं तर नाही ना?

ती म्हणाली, "असतं ना, शेवटी एक ओळ येते, काम नीट संपलं अशी." आणि गप्प झाली. तिचा प्रोग्रॅम प्रत्येक फाईलमधली सगळ्यात शेवटची ऊर्जा उचलत होता. आकार सुधारताना ऊर्जा पुन्हा पुन्हा छापली जाते, म्हणून शेवटची घेणं बरोबरच. पण मोर्तबाची ओळ आहे की नाही, हे तो पाहतच नव्हता.

रात्री साडेबारापर्यंत आम्ही फाईलींची शेवटची पानं पाहत बसलो. दोन फाईली अर्धवट निघाल्या. एक बिनमहत्त्वाची होती. दुसरी त्या घट्ट जोडीतल्या सुट्या रेणूची. वेळेची मुदत संपल्यामुळे गणित मधेच थांबलं होतं, रेणू अजून नीट बसलाच नव्हता, म्हणून त्याची ऊर्जा खऱ्यापेक्षा वर राहिली होती. तो वरचा आकडा वजा केला की जोडी आपोआप घट्ट दिसणार. फाईलमध्ये एकही आकडा खोटा नव्हता.

"गाईडना सांगावं लागेल," ती म्हणाली. मी काही बोललो नाही. तिचे अब्बू नाहीत, शिष्यवृत्तीवर शिकते, आणि त्या एका जोडीवर तिने पुढच्या प्रवेशाची आशा ठेवली होती. एवढी एक रात्र थांब, असं म्हणायचं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, हे कबूल करतो. तिने पहाटे फजरनंतर ईमेल पाठवला आणि सकाळच्या एसटीने पुण्याला गेली.

गणित परत चालवलं. जोडी इतर जोड्यांसारखीच निघाली. शीर्षक जुनंच राहिलं. प्रबंधात तिने दोन पानं वाढवली, फाईली कशा वाचल्या, काय तपासलं आणि कोणत्या फाईली का टाकल्या याबद्दल. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सगळे प्रश्न त्या दोन पानांवरच विचारले, असं तिने फोनवर सांगितलं. मग म्हणाली, "मामू, आपल्या त्या मोडी कागदाचा नीट फोटो पाठवा. साल मला स्वतः काढून पाहायचं आहे." मी फोटो पाठवला, सोबत अरबी आकड्यांची यादीही. शेवटचं मोर्तब फोटोत येईल असा काढला.