गुंज आणि ग्रेन : गोळीच्या वजनाचा एक इतिहास

मढच्या टोकावर, समुद्राला पाठ न दाखवता उभा असलेला लहानसा किल्ला अनेकांनी चित्रपटांत पाहिलेला असतो, प्रत्यक्षात क्वचितच. पोर्तुगीजांनी बांधलेला हा वेसाव्याचा किल्ला १७३९ मध्ये, वसईच्या मोहिमेत, मराठ्यांकडे आला. पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टीचा कब्जा घेतला, तेव्हा तोही त्यांच्या हाती गेला. आज तो हवाई दलाच्या अखत्यारीत आहे. मढला आता 'शूटिंग' म्हटले की चित्रीकरणच अभिप्रेत असते. तिथे उडणाऱ्या काडतुसांत आवाज असतो, गोळी नसते.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही तिथे गेलो होतो. बखरीतल्या भाषेविषयी बोलणे चालू होते. बुरुजाकडे पाहत एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, इथून जी गोळी सुटायची, ती वजनाला किती असायची?" 'भडिमार', 'बार', 'ठासणीची बंदूक' हे शब्द आम्ही वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो, पण त्या शब्दांच्या मागे असलेल्या शिशाचे वजन आम्हांला ठाऊक नव्हते. आम्ही विषय बदलला. तो बदलल्याची खंत हेच या टिपणाचे कारण.

आरंभ भाषेपासून करणे आम्हांला सोयीचे. 'काडतूस' आणि 'पिस्तूल' हे शब्द मराठीने पोर्तुगीजांकडून घेतले. 'बंदूक' अरबीतून आली, 'तोफ' तुर्कीतून. 'दारू' फारसीत मुळात औषध; आपल्याकडे ती स्फोटक पूडही झाली आणि मद्यही. रघुनाथपंत हणमंते यांच्या 'राज्यव्यवहारकोशा'त शस्त्रांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त दारूखाना राहत्या घरांपासून दूर असावा, साठवलेली दारू वेळोवेळी बाहेर काढून तिला ऊन द्यावे, अशी बारकाईची सूचना आहे. म्हणजे ज्ञान होते, आणि ते हाताचे होते. दारू किती घालायची, गोळी केवढी घ्यायची, गज किती जोराने मारायचा, हे प्रत्येक बाराला माणसाच्या हातानेच ठरत असे. 'ठासून सांगणे', 'फुसका बार' हे प्रयोग त्या हाताच्या आठवणी आहेत.

गोळीच्या वजनाचा प्रश्न मात्र त्या काळी आजच्यासारखा निवडीचा नव्हता, आणि त्याचे कारण भूमितीत आहे. गोळी गोल होती. शिशाच्या गोलाचे वजन वाढवायचे तर त्याचा व्यास वाढवावा लागतो, आणि व्यास वाढला की नळी बदलावी लागते. व्यास दुप्पट केला तर वजन आठपट होते. म्हणून वजन निवडणे म्हणजेच बंदूक निवडणे. ही गोष्ट 'बारा बोअर' या, आजही आपल्या पोलीस-बातम्यांत भेटणाऱ्या, शब्दात गोठून राहिली आहे. ज्या नळीत बसणाऱ्या बारा गोळ्यांचे शिसे मिळून एक पौंड भरते, ती बारा बोअर. वीस बोअरची नळी त्यामुळे बारापेक्षा लहान. तोफेचे उलट : तिथे 'बारा पौंडी', 'अठरा पौंडी' म्हणताना सरळ गोळ्याचेच वजन सांगितले जाई.

एका पौंडात ७००० ग्रेन. म्हणजे बारा बोअरची गोळी सुमारे ५८३ ग्रेनची, आपल्या भाषेत जवळजवळ सव्वातीन तोळ्यांची. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा, परंपरेने जवाचा. आणि आपली गुंज म्हणजे एका रानवेलीचे लाल-काळे बी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, आणि तोळ्याचे १८० ग्रेन असा हिशेब धरला तर एक गुंज भरते १.८७५ ग्रेन. दोन दूरच्या संस्कृतींनी सोने आणि शिसे तोलायला बियाच वापरल्या, याचे आम्हांला नवल वाटले. 'तोळामासा' प्रकृतीविषयी बोलताना आपण ज्या मापाने माणसाचे नाजूकपण मोजतो, त्याच मापात त्याला मारणारे शिसेही मोजता येते.

कंपनीच्या शिपायांच्या हाती दीर्घकाळ असलेल्या 'ब्राउन बेस' बंदुकीची नळी पाऊण इंचाची होती. गोळी मात्र त्याहून लहान, पौंडाला साधारण चौदा. मधली फट मुद्दाम ठेवलेली असे, कारण चार-सहा बारांनंतर नळीत काजळी साचे आणि घट्ट गोळी खाली उतरत नसे. ही फट म्हणजे भरण्याच्या वेगासाठी मोजलेली किंमत; गोळी नळीत आपटत बाहेर पडे आणि नेम ढळे. वेग की नेम, ही कोंडी शतकभर सुटली नाही.

ती सुटली १८४९ मध्ये. क्लोद मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या गोळीचे टोक निमुळते आणि बूड पोकळ होते. ती सैल उतरे आणि बार उडताच बुडाशी फुगून नळीतल्या आट्यांना घट्ट बसे. नेमाइतकीच महत्त्वाची एक गोष्ट इथे घडली, तिच्याकडे लक्ष कमी जाते : गोळी लांबट झाल्यामुळे व्यास न बदलता वजन वाढवता येऊ लागले. वजन नळीपासून सुटे झाले. १८५३ च्या एनफिल्डची नळी ०.५७७ इंचाची, म्हणजे ब्राउन बेसहून बरीच अरुंद. तरी तिची गोळी ५३० ग्रेनची, सुमारे तीन तोळ्यांची होती. ही गोळी आणि तिची मोजलेली दारू कागदात गुंडाळलेली येई आणि तो कागद दातांनी फाडावा लागे. १८५७ साली त्या कागदाच्या चरबीवरून जे घडले, ते इतिहासाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' वाचलेल्यांना काडतुसांची ती वार्ता निराळ्या आवाजात आठवेल. आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मोजण्याचे काम हातातून काढून कारखान्याकडे गेले होते, आणि कारखान्याने त्या कागदात काय घातले आहे, याची खात्री करण्याचे साधन शिपायाकडे उरले नव्हते.

शिकाऱ्याकडे ते उरले होते. नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांतात काम केलेल्या जेम्स फोर्सिथ या अधिकाऱ्याने १८६३ मध्ये शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवर एक संपूर्ण पुस्तकच लिहिले. सातपुड्याच्या रानांवरचा त्याचा ग्रंथ १८७१ चा, आणि तोच अधिक वाचला जातो. पण आमच्या विषयाला पहिले पुस्तक जवळचे. लांबट गोळीचा जयघोष चालू असताना फोर्सिथ जुन्या गोल गोळीची बाजू घेतो. त्याचा युक्तिवाद असा : रानात सावज शंभर पावलांच्या आतच दिसते, आणि त्या घाईत अंतराचा अंदाज चुकतो. जड, लांबट गोळीचा मार्ग कमानदार, म्हणून अंदाज चुकला की नेमही चुकला. रुंद नळी, हलक्या पिळाचे आटे आणि दारूचा भरपूर बार असेल तर गोल गोळी जवळच्या पल्ल्यात जवळजवळ सरळ जाते. चौदा बोअरची अशी गोळी बरोबर ५०० ग्रेनची.

त्याच सुमारास इंग्लंडात 'एक्सप्रेस' रायफली आल्या; आगगाडीवरून घेतलेले हे नाव जेम्स पर्डी याने १८५६ मध्ये रूढ केले. हलकी गोळी, जबर बार, सपाट मार्ग. हरणाला ती पुरे. गवा किंवा रानडुक्कर असेल तर हलकी गोळी वरच्यावर फुटून जाई आणि जनावर जखमी होऊन निघून जाई. या वाक्याचा शेवट शिकारकथांत क्वचित येतो. जिम कॉर्बेटने १९०७ मध्ये मारलेल्या चंपावतच्या वाघिणीच्या नावावर ४३६ माणसांचे बळी सांगितले जातात. तिचे उजवीकडचे दोन्ही सुळे जुन्या गोळीने तुटलेले होते, आणि ती नरभक्षक होण्याचे कारण कॉर्बेटने त्यातच पाहिले. चुकलेल्या बाराचा हिशेब रानाबाहेरच्या माणसांनी चुकता केला.

विसाव्या शतकात हा वाद पिस्तुलांपर्यंत पोहोचला. अमेरिकेत रिकामी काडतुसे घरी पुन्हा भरणाऱ्या हौशी नेमबाजांची मोठी परंपरा आहे. १९३५ च्या ०.३५७ मॅग्नमची रूढ गोळी १५८ ग्रेनची, १९५५ च्या ०.४४ मॅग्नमची २४० ग्रेनची. पण भरणारा त्यांहून बऱ्याच हलक्या किंवा जड गोळ्याही घेऊ शकतो. तो काय तोलतो? हलकी गोळी वेगवान, तिचा मार्ग सपाट. जड गोळी सावकाश, पण खोल जाणारी, म्हणून मोठ्या सावजासाठी पसंतीची. पिस्तुलात एक गंमत अशी की जड गोळी जवळच्या निशाणावर बहुधा वर लागते. कारण ती नळीत अधिक वेळ असते आणि तेवढ्यात धक्क्याने नळीचे तोंड उचलले जाते. आणि नेम? तो वजनावर थेट अवलंबून नाही. गोळी जितकी लांब तितका आट्यांचा पीळ घट्ट हवा, हे जॉर्ज ग्रीनहिल या गणितज्ञाने १८७९ मध्ये सूत्रात मांडले. म्हणून एका पिस्तुलाला मानवणारे वजन दुसऱ्याला मानवेलच असे नाही. शेवटचा निर्णय कागदी निशाणावरची भोकेच देतात.

हा सारा तपशील निर्दोष वाटतो, तोवर वसाहतीचा इतिहास मध्ये येतो. कलकत्त्याजवळच्या डमडम शस्त्रागारात १८९७ च्या सुमारास ०.३०३ च्या गोळीच्या टोकावरचे धातूचे कवच काढून शिसे उघडे ठेवले गेले, म्हणजे ती शरीरात पसरेल. वजन जवळपास तेच. बदलला तो आकार. सरहद्दीवरच्या लढवय्यांना साधी गोळी थांबवू शकत नाही, असे त्याचे समर्थन होते. १८९९ च्या हेगच्या घोषणेने अशा गोळ्यांना युद्धात मनाई केली. पुढे ब्रिटिश लष्कराच्या ०.३८ रिव्हॉल्व्हरची उघड्या शिशाची २०० ग्रेनची गोळी त्या घोषणेत बसेल की नाही, अशी शंका आली आणि दुसऱ्या महायुद्धाआधी तिच्या जागी कवच असलेली १७८ ग्रेनची आली. बावीस ग्रेनचा फरक, सुमारे बारा गुंजांचा. शिकारी ज्या प्रश्नाला सावजाच्या संदर्भात विचारतो, तोच प्रश्न साम्राज्याने माणसाच्या संदर्भात विचारला होता. शब्द मात्र तेच ठेवले होते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न जवळजवळ मिटवला. काडतुसे बनवणे परवान्याच्या कक्षेत आहे. १८६९ पासून ती खडकीच्या कारखान्यात तयार होत आली आहेत. व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक बंदूक खाली ठेवून नागझिऱ्यात नुसता पाहत राहिला, हा मराठी गद्याचा लाभच झाला. उरला तो शुद्ध नेम. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले, त्या स्पर्धेतली ०.२२ ची गोळी साधारण ४० ग्रेनची, म्हणजे एकवीस गुंजांच्या आसपास. ती हाताने भरता येत नाही. नेमबाज वेगवेगळ्या घाण्यांची काडतुसे आपल्या रायफलीतून तपासून त्यांतली मानवणारी निवडतो. निवड हातातून गेली, पारख उरली.

त्या विद्यार्थिनीला आज उत्तर देता येईल : बंदूक कोणती, त्यावर अवलंबून, पण बहुधा दोन ते तीन तोळे, मुलीच्या लग्नात सासरी देतात तेवढे. एवढे सांगून आम्ही थांबणार नाही. 'गोळी लागून तो पडला' हे वाक्य आपण कथेत, बखरीत, बातमीत किती सहज वाचतो. ते वाक्य घडण्याआधी कुणीतरी शिसे वितळवलेले असते, साच्यात ओतलेले असते, तोललेले असते. आणि समोरचा जीव कोण आहे, हे त्या तोलण्यात आधीच ठरवलेले असते. पुढच्या खेपेला मढला जाऊ, तेव्हा खिशात थोड्या गुंजा घेऊन जाण्याचा आमचा विचार आहे. शब्द शिकवण्यापूर्वी त्यांचे वजन एकदा तळहातावर घेतलेले बरे.