मृत्पात्रावरील नाममुद्रा आणि कर्तृत्वाचा निर्णय

खानदेशातील प्राचीन मृत्पात्रांचा अभ्यास नाममुद्रेवाचूनच वाढला. बहाळ (१९५२-५३) व प्रकाशे (१९५४-५५) येथील उत्खननांत मिळालेल्या ताम्रपाषाणयुगीन खापरांचा काळ व संस्कृती ही मातीचा पोत, लेप, भाजणी, रंगकाम आणि मुख्यतः स्तरक्रम यांवरून ठरविण्यात आली. त्यामुळे तळाशी नाव कोरलेले अर्वाचीन पात्र हाती आले, की निर्णय आयताच झाला असे वाटण्याचा संभव असतो. हा समज कितपत ग्राह्य आहे, हे प्रस्तुत टिपणात पाहावयाचे आहे.

यासाठी घेतलेले उदाहरण खानदेशाच्या दक्षिण सीमेलगतच्या अजिंठ्याशी निगडित आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकरवी तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करविल्या. त्याच सुमारास शाळेच्या कुंभारकाम विभागाचे प्रमुख जॉर्ज टेरी यांनी सिंधमधील निष्णात कुंभार आणवून झिलईदार पात्रांची निर्मिती आरंभिली. येथील पिवळे-हिरवे काम अस्सल सिंधी कामापासून वेगळे ओळखता येत नाही, असा अभिप्राय जॉर्ज बर्डवुड यांनी आपल्या १८८० च्या ग्रंथात नोंदविला आहे. अजिंठ्याच्या चित्रांवरून नक्षी घेतलेला एक स्वतंत्र प्रकारही टेरी यांनी विकसित केला.

तेव्हा केवळ नक्षीवर विसंबल्यास एक पात्र सिंधचे, तर दुसरे अजिंठा परिसरातील ठरेल. वस्तुतः दोन्ही मुंबईची असू शकतात. अशा ठिकाणी तळावरील ‘बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट’ ही रोमन लिपीतील कोरीव मुद्राच उत्पत्तिस्थान सांगते.

मात्र ही साक्षही पारखून घेतली पाहिजे. ओल्या मातीत कोरलेल्या अक्षरांच्या कडा किंचित उचललेल्या व मऊ असतात. झिलई तळापर्यंत आली असल्यास ती खोबणीत साचते. भाजल्यानंतर कोरलेल्या अक्षरांच्या कडा तुटक असतात आणि आतील माती उघडी पडते. अशी मुद्रा मागाहून घातलेली असल्याने तिला मूळ पुराव्याचे स्थान देता येत नाही. मुद्रा खरी ठरली तरी मातीचा पोत, झिलई व घडण तिच्याशी जुळतात की नाही, हे पाहणे आवश्यकच राहते.

याहून महत्त्वाची मर्यादा निराळी आहे. ही मुद्रा संस्थेची आहे, हाताची नव्हे. काही कारागिरांची नावे बर्डवुड यांच्या ग्रंथात आली आहेत; परंतु अमुक पात्र अमुक हाताचे, हे संस्थेच्या नावावरून सिद्ध होत नाही. म्हणून सूचीत संस्था, नक्षीचा उगम आणि घडविणारा यांची नोंद स्वतंत्रपणे व्हावी. जेथे घडविणाऱ्याचा पुरावा नाही तेथे ‘कारागीर अज्ञात’ असे स्पष्ट लिहावे. तसे न केल्यास संस्थाचालकाचे नाव कर्त्याच्या जागी जाऊन बसते, आणि चाकावर बसलेला माणूस इतिहासातून नाहीसा होतो. खापराकडे पाहण्याची जी शिस्त उत्खननाने शिकविली, ती नाव कोरलेल्या पात्रालाही तितकीच लागू आहे.