आतपरोधके, निसर्गप्रेरित

सूर्यप्रकाशातील जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य) किरणांपासून त्वचेचे रक्षण करणाऱ्या द्रव्यांना आतपरोधके म्हणतात. व्यवहारात ती ‘सनस्क्रीन’ या नावाने परिचित आहेत. शैवले, प्रवाळ, मासे इ. जीव स्वतःच्या रक्षणासाठी जी द्रव्ये वापरतात, त्यांच्या धर्तीवर अधिक चांगली आतपरोधके तयार करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास येथे दिला आहे.

पूर्वपीठिका : जंबुपार किरणांचा शोध योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञांनी १८०१ मध्ये लावला. त्वचेला लावण्याची आतपरोधके मात्र विसाव्या शतकातच बाजारात आली. फ्रान्समध्ये १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यास बेंझिल सॅलिसिलेटयुक्त तेल विकले जाऊ लागले. फ्रांट्स ग्रायटर यांनी १९४६ मध्ये गिर्यारोहकांना उपयुक्त असे मलम तयार केले आणि १९७४ मध्ये आतपरोधकाची क्षमता दर्शविणाऱ्या गुणांकाच्या पद्धतीचा पुरस्कार केला. आरंभीच्या काळात त्वचा भाजणे टाळणे एवढेच उद्दिष्ट होते. पुढे दीर्घ तरंगलांबीच्या जंबुपार किरणांनीही त्वचेची हानी होते, असे दिसून आल्यावर ते शोषणारी द्रव्ये वापरात आली. तथापि त्यांपैकी ॲव्होबेंझोनसारखी काही द्रव्ये प्रकाशातच विघटित होतात. त्यामुळे द्रव्य किती किरण शोषते याबरोबरच शोषलेल्या ऊर्जेचे पुढे काय होते, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरला.

नैसर्गिक द्रव्यांचा शोध : उथळ व नितळ उष्ण कटिबंधीय समुद्रात प्रवाळांवर दिवसभर प्रखर ऊन पडते. काझुओ शिबाता या जपानी शास्त्रज्ञांना ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळभित्तीवरील प्रवाळांत व एका नील-हरित शैवलात सु. ३२० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा एक अब्जांश) तरंगलांबीचे किरण शोषणारे द्रव्य आढळले. हे संशोधन १९६९ मध्ये प्रसिद्ध झाले. अशाच प्रकारची द्रव्ये बुरशींच्या बीजुकजननाच्या (प्रजोत्पादक सूक्ष्म घटक तयार होण्याच्या) अभ्यासात मिळाली होती. त्यावरून त्यांना मायकोस्पोरिने हे नाव पडले. योशिमासा हिराता व त्यांचे सहकारी यांनी १९७७ मध्ये एका सागरी प्राण्यातून मायकोस्पोरीन-ग्लायसीन वेगळे केले. पुढील दोन वर्षांत तांबड्या शैवलांतून शिनोरीन व पॉर्फिरा-३३४ ही द्रव्ये मिळाली. ऑस्ट्रेलियातील सागरविज्ञान संस्थेत वॉल्टर डनलॅप व ब्रूस चॉकर यांनी १९८६ मध्ये प्रवाळांतील ‘३२० नॅनोमीटरचे द्रव्य’ हे एक नसून अनेक मायकोस्पोरीनसदृश ॲमिनो अम्लांचे मिश्रण असल्याचे दाखविले.

कार्यपद्धती : या द्रव्यांचे रेणू लहान, रंगहीन व पाण्यात विरघळणारे असून सु. ३१० ते ३६० नॅनोमीटर पट्ट्यातील किरण शोषतात. किरण शोषताच रेणू उत्तेजित होतो. पण त्याच्या वलयाचा आकार क्षणार्धात बदलून ती ऊर्जा जवळजवळ सर्वच उष्णतेच्या रूपाने भोवतालच्या पाण्यात विसर्जित होते आणि रेणू पूर्वस्थितीला येतो. परिणामी घातक मुक्त मूलके (अतिशय क्रियाशील अणुगट) फारशी निर्माण होत नाहीत व तोच रेणू पुनःपुन्हा उपयोगी पडतो. या गुणामुळेच संशोधकांचे लक्ष या द्रव्यांकडे वेधले गेले.

उत्पादनाचे प्रयत्न : शैवलांत ही द्रव्ये अल्प प्रमाणात असल्याने ती मोठ्या प्रमाणावर मिळविणे कठीण जाते. जपानमध्ये नोरी म्हणून खाल्ल्या जाणाऱ्या शैवलांच्या गटातील एका जातीचा अर्क एकविसाव्या शतकाच्या आरंभी यूरोपात सौंदर्यप्रसाधनांसाठी उपलब्ध झाला. याच गटातील, पॉर्फिरा व्हिएतनामेन्सिस या नावाने अभ्यासली गेलेली जाती महाराष्ट्र व गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर वाढते. तिच्यातील पॉर्फिरा-३३४ च्या आतपरोधक गुणाविषयीचे भारतीय संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी एमिली बाल्स्कस व क्रिस्टोफर वॉल्श यांनी एका नील-हरित सूक्ष्मजंतूतील चार जीनांचा समूह शोधून तो एश्चेरिकिया कोलाय या सूक्ष्मजंतूत घातला व त्याच्याकडून शिनोरीन तयार करून घेतले. पुढे यीस्टमध्येही हे साध्य झाले. माशांच्या अंड्यांत आढळणारे गॅड्युसॉल हे संबंधित द्रव्य त्यांना अन्नातून मिळते, असा समज होता. मासे ते स्वतःच तयार करतात, असे अमेरिकेतील ऑरेगन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. सस्तन प्राण्यांत मात्र त्यासाठी आवश्यक असलेले जीन नाहीत.

पर्यावरणीय प्रश्न : ज्या प्रवाळांकडून हा धडा मिळाला, त्यांनाच प्रचलित आतपरोधकांपासून धोका असल्याची शंका पुढे व्यक्त झाली. हवाई राज्याने २०१८ मध्ये कायदा करून ऑक्सिबेंझोन व ऑक्टिनोक्सेट असलेल्या आतपरोधकांच्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली. ऑक्सिबेंझोन समुद्रपुष्पाच्या (सी-ॲनिमोनच्या) शरीरात शिरल्यावर त्याला शर्करेचा रेणू जोडला जातो व बनलेले संयुग प्रकाशात विषारी ठरते, असे २०२२ मध्ये आढळून आले. म्हणजे माणसाच्या त्वचेवर जे द्रव्य रक्षण करते, तेच दुसऱ्या जीवाच्या शरीरात बदलून घातक होऊ शकते. प्रत्यक्ष समुद्रात ही हानी किती होते याविषयी मतभेद आहेत. प्रवाळभित्तींच्या व्यापक विरंजनाचे प्रमुख कारण सागरी तापमानवाढ हेच आहे.

मर्यादा : मायकोस्पोरिने पाण्यात विरघळत असल्याने घामाने व पोहताना धुऊन जातात आणि मलमात ती दीर्घकाळ टिकविणे अवघड जाते. म्हणून नैसर्गिक रेणू जसाच्या तसा वापरण्याऐवजी त्याच्या रचनेवर आधारित अधिक स्थिर रेणूंचे संश्लेषण करण्याचा मार्ग डनलॅप यांच्या गटाने १९८० नंतरच्या दशकातच अवलंबिला होता. शिवाय, निसर्गात सापडलेले द्रव्य आपोआप निर्धोक ठरत नाही. मानवी त्वचा व सागरी जीव या दोहोंवरील परिणामांच्या चाचण्या त्यालाही आवश्यक असतात. यूरोपीय संघाच्या मान्यताप्राप्त जंबुपार-शोषक द्रव्यांच्या यादीत मायकोस्पोरिनांचा अंतर्भाव नाही. त्यांचे अर्क प्रसाधनांतील पूरक घटक म्हणून वापरले जातात.