लाय पाटील

लाय पाटील (लायजी सरपाटील कोळी) हे सतराव्या शतकातील कोळी दर्यावर्दी होते. इ.स. १६७६ मध्ये मराठ्यांनी जंजिरा किल्ल्यावर केलेल्या मोहिमेत या अजिंक्य जलदुर्गाच्या तटाला रात्री शिड्या लावण्याच्या धाडसासाठी ते ओळखले जातात. हा प्रयत्न सफल झाला नाही. तरीही मुरूड, राजपुरी, दिघी या पट्ट्यात, विशेषतः कोळी समाजात, स्वराज्याच्या आरमारातील आपल्या पूर्वजांचा वाटा सांगताना पहिले नाव घेतले जाते ते लाय पाटलांचे.

== पार्श्वभूमी ==

राजपुरीची खाडी अरबी समुद्राला मिळते तेथे, मुखाजवळील खडकावर जंजिरा किल्ला उभा आहे. खाडीच्या उत्तरेस राजपुरी व मुरूड, तर दक्षिण तीरावर श्रीवर्धन तालुक्यातील दिघी हे बंदर आहे. पलीकडच्या आगरदांड्याला जाण्यासाठी दिघीहून जलवाहतूक चालते आणि जंजिऱ्याला जाणाऱ्या बोटीही येथून सुटतात. खाडीचे दोन्ही काठ दीर्घकाळ सिद्दींच्या अमलाखाली होते. मुरूड, म्हसळा व श्रीवर्धन हे जंजिरा संस्थानाचे भाग इ.स. १९४८ मध्ये भारतात विलीन झाले.

जंजिऱ्याची सुरुवात मात्र कोळ्यांपासून होते. चाचेगिरीपासून बचाव व्हावा म्हणून राजपुरीच्या कोळ्यांनी या बेटावर लाकडी ओंडक्यांचा मेढेकोट उभारला होता. राम पाटील हा त्यांचा प्रमुख. निजामशाहीचा सरदार पिरमखान याने व्यापाऱ्याच्या वेशात आत शिरून, मेजवानीत मद्य पाजून हा कोट घेतल्याची कथा परंपरेने चालत आली आहे. दगडी तटबंदी नंतरची, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील. त्यामुळे जंजिऱ्यावर चालून जाणे ही कोळ्यांसाठी केवळ राजाज्ञा नव्हती. आपल्याच पूर्वजांची जागा परत मिळवण्याचा अर्थही तिला होता, असे लोकस्मृती मानते. मात्र हाच किनारा सिद्दीच्या राज्यात असल्याने येथील दर्यावर्दी जमाती सगळ्याच्या सगळ्या एका बाजूला होत्या असे समजणे योग्य ठरणार नाही.

== पद्मदुर्ग ==

जंजिऱ्याला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी मुरूडसमोरील कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला. सिद्दीच्या माऱ्याच्या टप्प्यात बांधकाम करायचे, तर दगड, चुना, धान्य आणि पैसा वेळेवर पोहोचणे अत्यावश्यक होते. जानेवारी १६७५ मध्ये प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने ही रसद पाठवण्यात हयगय केल्याबद्दल महाराजांनी त्याला लिहिलेले कडक पत्र प्रसिद्ध आहे. राजपुरीच्या उरावर दुसरी राजपुरी उभी करण्याचा हेतू त्यात स्पष्ट दिसतो. किल्ल्याच्या तटात लाटांच्या माऱ्याने दगड झिजले आहेत, पण दोन दगडांमधला चुना अजून बाहेर डोकावतो.

== १६७६ ची मोहीम ==

जंजिऱ्याची मोहीम पेशवे मोरोपंत पिंगळे यांच्याकडे सोपवण्यात आली होती. वेढा व तोफांचा मारा यांनी किल्ला दाद देईना, तेव्हा तटावर शिड्या लावून रात्री आत उतरण्याचा बेत ठरला. जंजिऱ्याचा तट थेट पाण्यातून वर चढतो, पायथ्याशी सैन्य उतरवण्यासाठी किनारा असा नाहीच. हेलकावणारी होडी अंधारात, आवाज न करता तटाला लावणे आणि तिच्यावरून शिडी उभी करणे हे भरती-ओहोटी व खडक ठाऊक असलेल्या माणसाचेच काम होते.

परंपरेनुसार लाय पाटील व त्यांचे साथीदार पद्मदुर्गाच्या बाजूने निघाले, पहाऱ्याची नजर चुकवून तटाशी पोहोचले आणि त्यांनी शिड्या लावल्या. मागून मोरोपंतांचे सैनिक येऊन चढायचे होते. ते वेळेवर आले नाहीत. वाट पाहता पाहता उजाडायची वेळ झाली, तेव्हा दिसलो तर सर्वनाश हे ओळखून लाय पाटलांनी शिड्या काढून घेतल्या व ते माणसांसह परतले. शिड्या लावण्याइतकाच त्या काढून माणसे सुखरूप आणण्याचा निर्णयही कसबाचा होता. सांगणारे मात्र बहुधा पहिल्याच भागावर रेंगाळतात. त्या वर्षाच्या अखेरीस वेढा उठवावा लागला.

== पालखीचा मान ==

किल्ला हाती आला नाही, तरी महाराजांनी या कामगिरीबद्दल लाय पाटलांना पालखीचा मान देऊ केला. आम्ही दर्यात फिरणारी माणसे, पालखी घेऊन काय करणार, अशा आशयाचे सांगून त्यांनी तो नम्रपणे नाकारला. तेव्हा एक गलबत बांधून त्याला ‘पालखी’ हे नाव द्यावे व ते लाय पाटलांच्या स्वाधीन करावे, अशी आज्ञा महाराजांनी मोरोपंतांना केली. त्याबरोबर छत्री, वस्त्रे, निशाण आणि दर्याकिनाऱ्याची सरपाटिलकी दिल्याचे सांगितले जाते. ‘सरपाटील’ हे उपपद त्यातूनच आले.

== नंतरचा काळ ==

इ.स. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी राजपुरीच्या बाजूने समुद्रात भराव घालून जंजिऱ्यापर्यंत वाट करण्याचा प्रयत्न केला, पण मोगलांच्या कोकणातील स्वारीमुळे तो अर्धवट राहिला. पद्मदुर्गही पुढे सिद्दीकडे गेला. १७३३ नंतरच्या पेशवेकालीन मोहिमेत सिद्दीचा बराच मुलूख मराठ्यांना मिळाला, जंजिरा मात्र मिळाला नाही.

== स्मरण ==

लाय पाटलांची आठवण जंजिऱ्यापेक्षा पद्मदुर्गाशी अधिक जोडली गेली आहे. मुरूड परिसरातील दुर्गप्रेमी व स्थानिक कोळी बांधव ‘पद्मदुर्ग जागर’ या उपक्रमातून किल्ल्यावर एकत्र येतात. तेथे जायचे तर भरती-ओहोटीचे गणित पाहून स्थानिक होडीनेच जावे लागते. जंजिऱ्यावर पर्यटकांची गर्दी असते, तर पद्मदुर्ग तुलनेने निर्जन राहतो. जंजिऱ्यावरील वाटाडे सिद्दींचा इतिहास, कलालबांगडी तोफ व गोड्या पाण्याचे तलाव यांवर भर देतात. शिड्यांची गोष्ट ऐकायची असेल तर ती बोट हाकणाऱ्या तांडेलाकडून मिळण्याची शक्यता अधिक असते.