अचलेचे मोजमाप

अमरकोशाने पृथ्वीला दिलेल्या नावांत 'अचला' आणि 'स्थिरा' ही दोन आहेत. पृथ्वी फिरते हे आपण शाळेत शिकतो. पण ती एकसारख्या गतीने फिरत नाही, हे फारसे ध्यानात घेत नाही. वारे, सागर आणि पृथ्वीच्या गाभ्यातील हालचाली यांमुळे दिवसाची लांबी सेकंदाच्या हजाराव्या भागाने कमीजास्त होत असते. तेवढ्या अवधीत विषुववृत्तावरील जमीन सुमारे ४६ सेंटीमीटर सरकते. अवकाशयानांच्या मार्गदर्शनात ही तफावत क्षुल्लक नसते. शिवाय ती केवळ गणिताने आधी सांगता येत नाही, मोजावीच लागते.

मोजण्याची रीत १९६७ पासून आकाराला आली. हजारो किलोमीटर दूर असलेल्या दोन रेडिओ दुर्बिणी एकाच क्वेसारकडे रोखायच्या आणि त्याची लहर दोन्हीकडे किती अंतराने पोहोचली, हे अणुघड्याळांच्या साहाय्याने ठरवायचे. मात्र हे अंतर कळण्यासाठी दोन्ही नोंदी एका ठिकाणी आणून ताडून पाहाव्या लागतात. त्यासाठी चुंबकीय फिती, आणि पुढे डिस्क, विमानाने जात. अब्जावधी वर्षे प्रवास करून आलेली लहर शेवटच्या टप्प्यात मालवाहतुकीसाठी खोळंबून राही. उत्तर अचूक असे, पण शिळे.

हा शिळेपणा इंटरनेटने घालवला. २००४ साली जपानमधील काशिमा आणि अमेरिकेतील वेस्टफर्ड यांच्या निरीक्षणांचा निष्कर्ष सुमारे साडेचार तासांत हाती आला. फेब्रुवारी २००८ मध्ये स्वीडनमधील ओन्साला व काशिमा यांनी तासभर निरीक्षण केले आणि ते संपल्यावर चार मिनिटांच्या आत उत्तर मिळाले. निरीक्षण चालू असतानाच नोंदी वाहत होत्या आणि ताडल्याही जात होत्या.

येथे एक भेद आम्हांला महत्त्वाचा वाटतो. इंटरनेटने मापनाची सूक्ष्मता वाढवली नाही. घटना आणि तिचे ज्ञान यांतील अंतर कमी केले. आजची पृथ्वी कोठवर वळली आहे याचा अंदाज शेवटच्या मापावर बेतलेला असतो, आणि ते माप जितके जुने तितकी अंदाजातील चूक मोठी.

मोजणारेही अचल नव्हते. २०११ च्या भूकंपाने पूर्व जपानची भूमीच सरकली. काशिमाची ३४ मीटर व्यासाची दुर्बीण सप्टेंबर २०१९ च्या वादळात निकामी झाली आणि नंतर उतरवण्यात आली.

पृथ्वीशी मेळ राखण्यासाठी १९७२ ते २०१६ या काळात घड्याळांत २७ लीप सेकंद घालण्यात आले. ही प्रथा सैल करून २०३५ पर्यंत घड्याळ व पृथ्वी यांत अधिक तफावत चालवून घ्यावी, असा ठराव २०२२ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने केला. म्हणजे आता मोजण्याची गरज सरली, असे कोणास वाटेल. आमचे मत उलट आहे. सोबत चालणाऱ्या दोघांतील अंतर वाढू द्यायचे ठरले, की ते किती वाढले याची खबर अधिक वेळेवर ठेवावी लागते.