पोप, सोंगट्या आणि सैतान

सन ९९९ च्या एप्रिलमध्ये रोमच्या धर्मपीठावर एक गणिती बसला. त्याचे नाव गर्बर्ट. पोप झाल्यावर सिल्व्हेस्टर दुसरा. फ्रान्समधील सामान्य घरचा हा मुलगा ओरियाकच्या मठात वाढला. ९६७ च्या सुमारास बार्सिलोनाचा काउंट बोरेल त्याला कॅटलोनियात घेऊन गेला आणि त्याच्या आयुष्याला वळण लागले.

कॅटलोनिया हा तेव्हाचा सीमाभाग. अलीकडे ख्रिस्ती राज्य, पलीकडे कॉर्दोबाच्या खलिफांचा अरबी मुलूख. सीमेवरून फौजा जातात, तशी विद्याही जाते. पुढे ९८४ साली गर्बर्टने बार्सिलोनाच्या एका विद्वानाला पत्र लिहून त्याने भाषांतरित केलेले ज्योतिषाचे पुस्तक मागितले. स्पेनमधील योसेफ नावाच्या पंडिताचे गुणाकार-भागाकारावरील पुस्तक मिळावे, म्हणूनही त्याने पत्रे धाडली.

रीम्स येथे शिकवताना त्याने ढाली बनवणाऱ्या कारागिराकडून हिशेबाचा एक पाट करवून घेतला. त्याला २७ रकाने होते आणि शिंगाच्या १००० सोंगट्या. सोंगट्यांवर नऊ अंकांची चिन्हे. पाचाची सोंगटी एककाच्या रकान्यात पाच, शतकाच्या रकान्यात पाचशे. शून्याला सोंगटी नव्हती. तो रकाना रिकामा ठेवायचा. रोमन आकड्यांत एखादा मोठा गुणाकार करून पाहावा, म्हणजे या पाटाची थोरवी कळते.

हे अंक मूळचे आपल्याकडचे. अरबांच्या हातून ते तिकडे पोचले. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चतुर्भुज मंदिरात सन ८७६ चा शिलालेख आहे. बागेची लांबी २७० हात आणि देवाच्या रोजच्या ५० माळा, हे आकडे त्यात शून्यासकट कोरलेले आहेत. गर्बर्ट जन्मला तो त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी.

१००३ साली तो वारला आणि शंभर वर्षांच्या आतच त्याच्यावर चेटकाचा आळ आला. बाराव्या शतकातील इंग्रज इतिहासकार माम्सबरीचा विल्यम सांगतो की, गर्बर्टने एका मुसलमान पंडिताचा ग्रंथ चोरला, सैतानाशी करार केला आणि होय-नाही अशी उत्तरे देणारे धातूचे मस्तक घडवले. जेरुसलेममध्ये मास म्हणेपर्यंत मरण नाही, असे ते मस्तक म्हणाले; पण रोममध्येच जेरुसलेम नावाचे चर्च होते, आणि तेथे त्याला मरणाने गाठले! पुढचा पोप मरायचा असला की लॅटरन चर्चमधल्या त्याच्या कबरीतून हाडे वाजतात, असेही लोक सांगत.

आळ नेमका याच माणसावर का यावा? धर्मपीठातील राजकीय वैर हे एक कारण होतेच. पण मला वाटते, खरे कारण त्याच्या विद्येचे गाव हे होते. ती परक्या भाषेतून, वैऱ्याच्या मुलुखातून आली होती. तिकडून जे येते ते काळेच असणार, ही समजूत फार जुनी आहे. आपण दोन भाषांच्या मुलुखात राहणारी माणसे. ही समजूत आपल्या अंगणातही अधूनमधून डोकावते. अशा वेळी मुलांना धातूच्या मस्तकाची गोष्ट जरूर सांगावी, आणि लगेच त्या हजार सोंगट्यांचीही सांगावी.