मणिबेली जाहीरनामा

मणिबेली जाहीरनामा : मोठ्या धरणांना जागतिक बँकेने दिलेला अर्थपुरवठा स्थगित करावा, अशी मागणी करणारे आंतरराष्ट्रीय निवेदन (१९९४). ४४ देशांतील ३२६ संस्था-संघटनांनी त्याला पाठिंबा दिला. नर्मदाकाठच्या मणिबेली या आदिवासी गावाने सरदार सरोवर धरणाविरुद्ध दिलेल्या लढ्याच्या सन्मानार्थ त्याला हे नाव देण्यात आले. आपले मूलभूत हक्क राखण्यासाठी उभ्या राहिलेल्या समाजाला परदेशांतील नागरिकांनी दिलेल्या साथीचे हे महत्त्वाचे उदाहरण होय.

पार्श्वभूमी : मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातील (तेव्हाचा धुळे, आताचा नंदुरबार जिल्हा) गाव. सरदार सरोवरात बुडणाऱ्या महाराष्ट्रातील ३३ गावांपैकी धरणाच्या भिंतीला सर्वांत जवळचे हेच. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ मध्ये जमिनीच्या बदल्यात किमान दोन हेक्टर जमीन देण्याचे बंधन घातले. परंतु येथील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या कसत असलेली जमीन सातबाऱ्यावर नव्हती. वनखात्याच्या दप्तरी ते ‘अतिक्रमण’ होते. त्यामुळे ज्यांचे सर्वस्व जाणार होते, त्यांचाच भरपाईवरचा हक्क कागदोपत्री कच्चा ठरला. नदीतील मासळी, मोहाची फुले, डिंक, चारा यांवर चालणारा संसारही मोजदादीत धरला गेला नाही. १९८५ मध्ये जागतिक बँकेने प्रकल्पासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. मेधा पाटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून लोकांना संघटित केले. नर्मदा धरणग्रस्त समिती आणि पुढे नर्मदा बचाव आंदोलन उभे राहिले.

आंतरराष्ट्रीय साथ : परदेशी संघटनांनी आपापल्या देशाच्या सरकारला आणि त्याच्या पैशाला जाब विचारला, हे या एकजुटीचे वैशिष्ट्य. ऑक्टोबर १९८९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे मेधा पाटकर, वकील गिरीश पटेल आणि अर्थतज्ज्ञ विजय परांजपे यांच्या साक्षी झाल्या. १९९० मध्ये ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’च्या जपानी शाखेने टोकियोत परिसंवाद भरवला, त्यानंतर जपान सरकारने टर्बाइनसाठीचे अर्थसाहाय्य काढून घेतले. १९९१ मध्ये बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समीक्षा समिती नेमावी लागली. समितीचे उपाध्यक्ष टॉमस बर्जर यांनी पूर्वी कॅनडात मॅकेंझी खोऱ्यातील नियोजित वायुवाहिनीची चौकशी करताना मूलनिवासींच्या वस्त्यांवर जाऊन साक्षी घेतल्या होत्या. जून १९९२ च्या अहवालात या समितीने स्पष्ट म्हटले, की प्रचलित परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही, पर्यावरणीय परिणामांचा पुरेसा विचार झालेला नाही आणि बँकेने मागे सरावे. ऑक्टोबर १९९२ मध्ये अमेरिका, जपान, जर्मनी यांसह काही देशांच्या संचालकांनी विरोध करूनही बँकेने सशर्त मदत चालू ठेवली. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेले सुमारे १७ कोटी डॉलरचे कर्ज न घेण्याचे ठरवले. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरले. घर न सोडण्याच्या निर्धाराने पाण्यात उभ्या राहिलेल्या लोकांना पोलिसांनी उचलून नेले.

मागण्या व परिणाम : बँकेच्या पन्नासाव्या वर्षी निघालेल्या या जाहीरनाम्यात, पूर्वीच्या धरणांमुळे उठवलेल्या लोकांना भरपाई देण्यासाठी निधी, बँकेच्या सर्व मोठ्या धरणांची स्वतंत्र तपासणी आणि पुनर्वसनाचा कायदा-धोरण नसलेल्या देशांत सक्तीचे विस्थापन घडवणाऱ्या प्रकल्पांना पैसा न देणे या प्रमुख मागण्या होत्या. १९९७ मध्ये ब्राझीलमधील कुरितिबा येथे धरणग्रस्तांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि १४ मार्च हा धरणविरोधी कृतिदिन ठरला. १९९८ मध्ये जागतिक धरण आयोग नेमला गेला. त्यात मेधा पाटकर सदस्य होत्या.

मूल्यमापन : या एकजुटीने परदेशी पैसा रोखला, धरण मात्र रोखता आले नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २००० रोजी बांधकामास परवानगी दिली, १३८.६८ मीटर उंचीचे धरण पुरे झाले आणि १७ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचे लोकार्पण झाले. पुनर्वसनाच्या प्रत्येक हेक्टरासाठी गावकऱ्यांना स्वतःच झगडावे लागले. बाहेरची साथ गावाच्या लढ्याची जागा घेऊ शकत नाही; गाव ठाम असेल तरच तिला धार येते, हा मणिबेलीचा धडा आहे. मात्र या लढ्याचे एक फळ जगभरच्या लोकांना लाभले : १९९३ मध्ये बँकेने स्थापलेल्या तपासणी मंडळाकडे बँकेच्या प्रकल्पाने बाधित झालेल्या कोणत्याही दोन वा अधिक व्यक्तींना थेट तक्रार करता येते.